जुना कॅमेरा विकताय? मग शटर काउंट बिलावर लिहा की!

संपादक साहेब, नमस्कार.

जुनी बाइक घेताना आपण आरसी बुक उलटंपालटं करून बघतो, चासी नंबर जुळवतो, किलोमीटर किती झालेत ते वाकून बघतो. आणि तीस-चाळीस हजारांचा जुना कॅमेरा घेताना बिलावर नुसतं 'युज्ड कॅमेरा, १ नग' एवढंच लिहिलेलं असतं, बऱ्याचदा तर बिलच नसतं, दुकानाच्या कार्डाच्या मागे पेनाने किमतीचा आकडा. मी कॅमेरा रिपेअरिंग करतो, त्यामुळे असे कॅमेरे दोन-चार महिन्यांनी माझ्याच टेबलावर येतात. घेणारा बहुतेक वेळा नुकताच लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलेला पोरगा असतो, नवीन बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, परवडत नाही म्हणून जुनी घेतलेली. त्याला विचारलं की बाबा काउंट, म्हणजे आधी किती क्लिक झालेत तो आकडा, किती होता, तर म्हणतो दुकानदार बोलला कमीच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या मोठ्या कॅमेऱ्यात, सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) पुढे पातळ पात्यांचे दोन पडदे असतात, प्रत्येक क्लिकला ते सरकतात आणि स्प्रिंग पुन्हा ताणली जाते, किती वेळा सरकले त्याची नोंद कॅमेरा स्वतः ठेवतो, तो शटर काउंट. कंपन्या पडदे ठराविक क्लिकपर्यंत टेस्ट करतात. निकॉन डी५३०० ला १ लाख, डी७५० आणि कॅनॉन ५डी मार्क ३ ला दीड लाख, निकॉन डी८५० ला २ लाख. ही गॅरंटी नाही हां. ४० हजार क्लिकला गेलेलं शटर मी बघितलंय आणि ३ लाखांच्या पुढे गेलेलंही बघितलंय. पण अंदाज येतो. हळदीपासून वरातीपर्यंत एका लग्नात अडीच हजार क्लिक सहज होतात, वर्षाला चाळीस लग्नं धरली तरी लाख झाले. पक्षीवाल्यांचं तर विचारूच नका, भिगवणला फ्लेमिंगोंचा थवा उठला की बोट बटणावरून निघत नाही, कॅनॉन ७डी मार्क २ सारखी बॉडी सेकंदाला १० फ्रेम काढते, मग दुपारपर्यंत किती झाले ते तुम्हीच मोजा.

आता हा आकडा बघायचा कसा, इथेच सगळी गडबड आहे. निकॉन आणि पेंटॅक्समध्ये तो प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात फाइल टाकली की दिसतो. पण विकणारा फोटो पाठवतो व्हॉट्सॲपवर, आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये ही माहिती उरतच नाही. काही हुशार लोक कॅमेरा नवा असतानाचा जुना फोटो मेल करतात, आकडा येतो २,०००, घेणारा खूश. आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या एक्झिफटूलने निकॉनचा आकडा वाचता येतो त्यानेच तो फाइलमध्ये बदलताही येतो. म्हणून पाठवलेल्या फोटोला काही अर्थ नाही. स्वतःचं मेमरी कार्ड न्या, स्वतः कार्ड घाला, स्वतः क्लिक करा, आणि तीच फाइल तिथल्या तिथे आपल्या लॅपटॉपवर उघडा, त्यात तारीख आणि बॉडीचा सिरियल नंबर पण बघा. विकणाऱ्याला राग आला तर येऊ दे.

कॅनॉनच्या बहुतेक मॉडेलमध्ये आकडा फोटोत येत नाही, याचा फायदा घेऊन दुकानात सरळ सांगतात की कॅनॉनचा काउंट निघतच नाही. निघतो. यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून बऱ्याच मॉडेलचा निघतो, त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर आहेत, लिनक्स सिस्टमच्या लॅपटॉपवर जीफोटो२ नावाचं फुकट आहे. एखाद्या मॉडेलचा खरंच नाही निघत, तर मग 'काउंट तपासलेला नाही' असं लिहून द्या ना, त्यात लाज कसली. आणि फाइलच्या नावातल्या नंबरवर तर अजिबात जाऊ नका, तो ९९९९ नंतर पुन्हा १ पासून सुरू होतो आणि मेन्यूतून कधीही रिसेट करता येतो.

बरं आकडा खरा असला म्हणून सगळं आलबेल असंही नाही. लग्नात व्हिडिओला वापरलेल्या बॉडीचा काउंट अगदी कमी निघतो, कारण व्हिडिओ सुरू करताना शटर एकदा उघडतं आणि मग अर्धा तास उघडंच राहतं, आकडा वाढतो एकाने आणि सेन्सर मात्र तापतोय. काउंट ८,००० आणि फ्लॅश लावायच्या हॉट शूचा रंग खरवडून पितळ दिसतंय, ट्रायपॉडच्या स्क्रूचे आटे झिजलेत, ग्रिपचं रबर सुटलंय, असं दिसलं की समजायचं, बॉडी भरपूर वापरलेली आहे. मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, आणखी एक भानगड, इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फोटोंना पडदे हलतच नाहीत, पण निकॉनच्या फाइलमधला मुख्य आकडा पडद्यांचे आणि इलेक्ट्रॉनिक क्लिक दोन्ही मिळून असतो, म्हणजे मोठा दिसला तरी पडदे तेवढे झिजलेले नसतील. काहींमध्ये मेकॅनिकल शटरचा, म्हणजे पडद्यांचा, आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघा. आणि उलट टोक म्हणजे दहा वर्षं कपाटात पडलेला कॅमेरा, काउंट ३,०००, पण मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात बिना सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या) ठेवलेला, लेन्समध्ये बुरशी आणि रबर चिकट. असला कॅमेरा मी तरी फुकट दिला तरी घेणार नाही.

शटर जातंय का हे बघायला माझी एक साधी टेस्ट आहे. पांढऱ्या भिंतीचे किंवा मोकळ्या आकाशाचे १/४००० सेकंद शटर स्पीडवर आठ-दहा फोटो लागोपाठ काढा, बॉडीत १/८००० असेल तर त्यावरही काढा. फ्रेमच्या एका कडेला काळपट पट्टा आला किंवा एक फोटो उजळ एक काळा असं व्हायला लागलं की एक पडदा दुसऱ्याच्या मागे पडतोय. १/२०० ला हे कळतही नाही, म्हणून दुकानात नेहमीच्या सेटिंगला सगळं छान दिसतं. कॅनॉनवर एरर ३० आला तर विषय संपला, शटर. नवीन शटर बसतं, पण स्वस्त बॉडीला तो खर्च करण्यात काही पॉइंट नाही, अन शटर बदललेलं असेल तर त्याचंही बिल मागा कारण मग काउंटचा हिशेबच बदलतो.

आता माझी मागणी. दुकानदारांनी जुन्या कॅमेऱ्याच्या बिलावर तीन गोष्टी लिहाव्यात, बॉडीचा सिरियल नंबर, विकायच्या दिवशीचा शटर काउंट, आणि शटर कधी बदललंय का. पाच मिनिटांचं काम आहे. काही दुकानदार म्हणतील की तुम्ही धंद्याला कॅमेरा घेताय, तुम्हाला ग्राहक कायदा लागू नाही. हे अर्धवट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक धरत नाहीत, म्हणजे एकटा फोटोग्राफर पोरगा ग्राहकच आहे, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं. पण तक्रार करायला हातात कागद पाहिजे, 'तो बोलला कमीच आहे' हे कुठे सांगणार? ओळखीतून किंवा ऑनलाइन कुणा खासगी माणसाकडून घेतलात तर ग्राहक आयोगाचा उपयोग नाही, तिथे निदान मेसेजवर आकडा लिहून घ्या.

आणि एक विनंती तुमच्या पेपरला. तुमच्या छोट्या जाहिरातींत जुन्या कॅमेऱ्यांपुढे 'घरगुती वापर, कंडिशन एक नंबर' हे छापून येतं, त्याऐवजी जाहिरात घेतानाच काउंट किती आणि बिल आहे का हे तुमच्या काउंटरवरच्या माणसाने विचारून घेतलं तर दोनच शब्द वाढतील. ज्याला सांगायचं नाही त्याच्यापुढे 'काउंट दिलेला नाही' असं छापा, पैसे तर तुम्ही शब्दावरच घेता.

आपला,
एक कॅमेरा रिपेअरवाला, सांगली