या खेपेला माझं लक्ष जावेकडे होतं

पणजी, रविवार

ती. आई आणि बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

गणेशचवथीला जेवणं उरकल्यावर ओसरीवर जो वाद रंगला, त्यात माझं म्हणणं अर्ध्यावरच राहिलं. सगळी चुलतभावंडं एकदम बोलत होती, बाबांना त्यातलं निम्मंही ऐकू येत नव्हतं, आणि आई, तू तर ‘उंबरठा’ सिनेमाचं नाव निघाल्याबरोबर नेवऱ्यांचे डबे भरायला आत निघून गेलीस. फोनवर हे बोलणं जमायचं नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा, सावकाश वाचा आणि पटलं नाही तिथे समासात खुणा करा, माझ्या शाळेतल्या निबंधांवर करायचात तशा.

दादाचा आक्षेप तुम्ही ऐकलात की नाही कोण जाणे. तो म्हणाला, कॉलेजात असताना या सिनेमावरून तू आमच्याशी भांडायचीस, आणि आता तूच त्यात खोट काढतेस? हो, काढते. चवथीच्या आधी धाकटीचा बाबू झोपल्यावर मी तो मोबाइलवर पुन्हा पाहिला. बाबू मध्येच उठला म्हणून दोन रात्री लागल्या.

लहानपणी तो आपल्याच ओसरीवर पाहिला होता, काकांनी आणलेल्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर. तेव्हा आईची बदली काणकोणला होती. सोमवारी पहाटे निघायचीस, करमल घाट ओलांडून शाळेत पोचायचीस आणि शनिवारी संध्याकाळी परत यायचीस. मधले दिवस मी काकीची. आणि पडद्यावर ही सुलभा महाजन, घरात खायला-प्यायला मुबलक असताना, लहानग्या राणीला ठेवून दूरच्या गावी महिला सुधारगृह चालवायला निघालेली! मी उठले आणि टीव्हीचा खटका बंद केला. काका ओरडले. बाबांनी तो परत लावला, कारण त्यांना गाणी ऐकायची होती. लताबाईंचा आवाज आणि हृदयनाथांची चाल, म्हणजे दोन्हीकडून मंगेशी. आणि मंगेशी आपल्या म्हार्दोळपासून हाकेच्या अंतरावर. ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ लागलं की आपल्या घरातलंच कोणी गात असल्यासारखी बाबांची मान ताठ व्हायची. मला त्या वयात ते गाणं रटाळ वाटायचं. कोणी तरी एकटीच बसून काय गाते, असं.

कॉलेजातलं थोडक्यात सांगते, कारण त्या वयात सगळ्यांचं तेच होतं. हॉस्टेलवर वर्गणी काढून व्हीसीआर आणला, कॅसेट लावली, आणि रात्र सरेपर्यंत मी सुलभाची भक्त झाले होते. सासू स्वतः समाजकार्यातली, पण तिचं समाजकार्य घरचा थाट सांभाळून होणारं. सुलभाला ते नको होतं. तिला खरं काम हवं होतं, जिथे हात बरबटतात. मग आश्रमातल्या कमिटीशी भांडणं, चौकशी, राजीनामा. ती घरी येते तर नवऱ्याने दुसरी जवळ केलेली, आणि मुलगी परकी झालेली. नवरा झालेल्या गिरीश कार्नाडांचा मला इतका राग आला की पुढे कित्येक वर्षं त्यांचं दुसरं काम मी धड डोळ्यांनी पाहिलं नाही. त्याच भरात मी आईला पत्र लिहिलं, ‘तू माझी सुलभा आहेस.’ आई, तुझं उलट टपाली आलेलं इनलँड माझ्याकडे अजून आहे. तू लिहिलं होतंस, ‘मला महिन्याला पगार होता आणि शनिवारी घर होतं. तिची गोष्ट वेगळी. जेवतेस ना वेळेवर?’

तेव्हा ते उत्तर मला फार कोरडं वाटलं. आता वाटतं, सिनेमावर एवढं नेमकं कोणी लिहिलं नसेल. सुलभाला शनिवार नव्हता. पण तुझा शनिवार कुणामुळे होता, ते त्या इनलँडमध्ये नाही.

आता मुद्द्याचं. या खेपेला मी सुलभाकडे बघतच नव्हते. माझं लक्ष तिच्या जावेकडे, मायाकडे होतं. धाकटी हैदराबादला गेल्यापासून बाबू माझ्याकडे आहे, हे एक कारण. तो मला मावशीच म्हणतो, पण झोपेत कधी तरी ‘आई’ म्हणून कुशीत शिरतो, आणि मग मी उगाचच अर्धा तास जागी राहते. आनंद होतो म्हणून की भीती वाटते म्हणून, ते मलाही सांगता येत नाही. धाकटीला हे सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तर ती माया. तिला मूल नाही आणि ती राणीला सांभाळते. सिनेमात तिच्याविषयी जवळजवळ एवढंच आहे. मूल नाही म्हणून जीव लावते, जीव लावला म्हणून मुलगी तिची होते, आणि मुलगी तिची झाली म्हणून सुलभाची उरत नाही. सरळ हिशोब. मला तो आता पटत नाही. मायाला मूल न देऊन लिहिणाऱ्यांनी स्वतःची सोय करून घेतली असं मला वाटतं. त्यामुळे तिचं सगळं करणं ही तिचीच गरज ठरते. राणीला न्हाऊमाखू घालणं, तापात उशाशी बसणं, शाळेत धाडणं, हे काम म्हणून दिसतच नाही. तिच्या रिकाम्या ओटीत आयतं पडलेलं सुख म्हणून दिसतं. आणि आपली काकी? तिला स्वतःचे दोन मुलगे होते, त्यांच्या दंग्याने ती आधीच पिकलेली, आणि तिसरी मी. तिला माझी काय गरज होती? गरज आपल्या घराला होती.

सुलभाच्या कामाला पद आहे, पगार आहे, फायली आहेत, चौकशी समिती आहे. वैतागली तर राजीनामा देता येतो. मायाने तो द्यायचा कुणाकडे?

बाबा, तुम्ही म्हणाल की एवढा मोठा सिनेमा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, तेंडुलकरांची पटकथा, शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून केलेला, आणि ही पोरगी त्यात काय शोधते? तेंडुलकरांना मी कमी लेखत नाही. 1982 साली घराबाहेर पडणाऱ्या बाईची बाजू अशी उभी करायला छाती लागते. सुलभा झालेली स्मिता पाटील तेव्हा जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांची. या वेळी मोबाइलच्या वीतभर पडद्यावरसुद्धा तिच्या चेहऱ्यावरून नजर हटवायला मला जोर लावावा लागला. तो लावल्यावरच माया दिसली. दिग्दर्शक जब्बार पटेल तर पेशाने लहान मुलांचे डॉक्टर. पण सिनेमात त्या लहान मुलीला स्वतःचं असं बोलायला फार थोडं मिळालंय. आजारी मूल डॉक्टरकडे नेलं की सगळे प्रश्न आईलाच विचारले जातात, तसं काहीसं.

एक मात्र कबूल करायला हवं, बाबा. मायाकडे आपल्या घरात पहिल्यापासून कोणी बघत असेल तर ते तुम्ही. अर्थात कारण वेगळं. माया झालेल्या आशालता वाबगावकर गोव्याच्या! त्या पडद्यावर आल्या की तुम्ही हटकून म्हणायचात, ‘ही आमची’, आणि ‘मत्स्यगंधा’ नाटकातलं त्यांचं ‘गर्द सभोवती रान साजणी’ गुणगुणायला लागायचात. त्याची चाल अभिषेकीबुवांची, म्हणजे तीही मंगेशीचीच. तुमचं गुणगुणणं चालू असताना मायाचे संवाद वाहून जायचे आणि आई तुम्हाला गप्प करायची. 2020 साली कोरोनात त्या गेल्या, तेव्हा तुम्ही दिवसभर कोणाशी बोलला नाहीत, हे आईने मला सांगितलं होतं.

तुमच्या दुसऱ्या मताशी मात्र मी अजूनही भांडणार. तुमचं म्हणणं, नवरा निदान खोटं तरी बोलला नाही, सरळ सांगून मोकळा झाला. बरोबर, खोटं नाही बोलला. पण खरं बोलून त्याचं काय गेलं? घर त्याचं, आई त्याची, मुलगी त्याच्याच छपराखाली. सांगून झाल्यावरही तो होता तिथेच राहिला. उठून जावं लागलं ते सुलभाला. कॉलेजात मला त्याचा नुसता राग यायचा. आता राग कमी झालाय, आणि तो कुठे उभा राहून खरं बोलतो ते दिसायला लागलंय. इथे समासात खूण करणार असाल तर पेन्सिलीने करा.

आई, एक गोष्ट तुलाच लिहायची होती, पण बाबाच वाचून दाखवणार म्हणजे दोघांनाही कळणार. तुझ्या निवृत्तीच्या समारंभात शाळेने शाल-श्रीफळ दिलं, चांगली भाषणं झाली. एका वक्त्याने बाबांचंही कौतुक केलं, की यजमानांनी साथ दिली म्हणून बाई काणकोणात इतकी वर्षं राहू शकल्या. टाळ्या पडल्या. काकी मागच्या रांगेत बसून माझ्या पोरीला पंख्याने वारा घालत होती. तिचं नाव कोणी घेतलं नाही. तू नाही, बाबा नाही, मीही नाही. मला ते तेव्हा खटकलंसुद्धा नव्हतं. सिनेमा नव्याने पाहताना खटकलं.

कोणाला दोष द्यायचा म्हणून लिहीत नाही. तू गेली नसतीस तर मी शिकले नसते, आणि काणकोणातली कितीतरी पोरं आज तुझं नाव काढतात. सुलभाने जायला नको होतं असंही माझं म्हणणं नाही. शेवटी ती पुन्हा बाहेर पडते, ते मला आजही पटतं. फक्त ती निघाल्यावर कॅमेरा तिच्याबरोबर जातो. तो थोडा वेळ त्या घरातच थांबायला हवा होता, असं आता वाटतं. राणीची वेणी त्या दिवशी कोणी घातली, हे मला बघायचं होतं.

आणि काकीने हा सिनेमा अजून धड पाहिलेलाच नाही. त्या दिवशी टीव्ही चालू असताना ती आत होती, आणि मी खटका बंद केला तेव्हा मला दामटायला तेवढी बाहेर आली. म्हणून बेत असा, की पुढच्या रविवारी तुम्ही तिघांनी इकडे यायचं. जावयांनी मोठा टीव्ही घेतलाय, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे. फोंड्याहून सकाळची कदंबा बस मिळाली तर दहापर्यंत पोचाल. मी बांगड्याचं हुमण करते. काकीला सिनेमाचं नाव काढू नका, ती म्हणेल मला काय कळतंय त्यातलं, आणि घर सोडायची नाही. तिला एवढंच सांगा, की बाबू माझ्या हातचं नुस्तं खात नाही, काटे बोचतात म्हणतो. मग ती तुमच्याआधी तयार होऊन बसेल.

तुमची,
बाय