सईला पत्र : अजून तयार न झालेला गेम

देवगड

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा बागेत फवारणी चालू होती, पंपाच्या आवाजात काही धड ऐकू येईना, म्हणून ‘बघू’ म्हणून ठेवला. रात्री तू पाठवलेलं स्टीमवरचं, म्हणजे त्या गेमच्या ऑनलाइन दुकानातलं, पान सगळं वाचलं. गेम अजून व्हायचाय, पण विक्री चालू आहे. आत्ता घेतला तर स्वस्त, पुरा झाल्यावर भाव वाढणार. पैसे तुझ्या शिकवणीचे आहेत, तेव्हा परवानगीचा प्रश्नच नाही. आत्ता घ्यावा की थांबावं, यावर मत विचारलंस, ते देतो.

तुझ्या आईचं म्हणणं, न झालेला माल कोण विकत घेतं? मी म्हटलं, अगं, आपलं घर त्याच व्यवहारावर चालतं! मोहोरावर बाग कराराने घेणारा व्यापारी येतो तेव्हा झाडावर आंबा असतो कुठे? तो फांदी वाकवतो, मोहोर तळहातावर झटकतो, तुडतुडे किती उडाले ते बघतो, पानावरून बोट फिरवून चिकटा लागतो का पाहतो आणि मग आकडा सांगतो. तो आकडा एप्रिलमधल्या पेटीच्या भावाचा कधीच नसतो. गळ होणार, अवकाळी येणार, हे त्याने आधीच वजा केलेलं असतं. जोखीम त्याची, म्हणून सूटही त्याला.

गेमच्या बाबतीत माझं घोडं इथेच अडलं. जोखीम सगळी तुझी, पण सूट केवढी? काही ठिकाणी ती खरीच मिळाली आहे. माइनक्राफ्ट हा गेम 2009 पासून अर्धाकच्चा विकला जात होता. अल्फात, म्हणजे अगदी कच्च्या रूपात, साधारण 10 युरो, बीटात, म्हणजे त्यापुढच्या रूपात, 15, आणि नोव्हेंबर 2011 मध्ये पुरा झाला तेव्हा 20. आधी घेणाऱ्याचं भलं झालं. उलट बाल्डर्स गेट 3 ऑक्टोबर 2020 मध्ये आला तो नुसता पहिला अंक घेऊन, पण किंमत पुऱ्या गेमची, 60 डॉलर. ऑगस्ट 2023 मध्ये पुरा झाला, उत्तम झाला, त्या वर्षीचे मोठे मान मिळवले. पण तीन वर्षं आधी पैसे मोजणाऱ्याला एक डॉलरही वाचला नाही, वर जुने सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, नव्या गेममध्ये चालले नाहीत ते वेगळंच. खेळलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून!

आणि नावावर तर अजिबात जाऊ नकोस. कर्बल स्पेस प्रोग्राम हा रॉकेट बांधायचा गेम असाच लोकांच्या हातात वाढला आणि 2015 मध्ये पुरा झाला. त्याचा दुसरा भाग फेब्रुवारी 2023 मध्ये 50 डॉलरला विक्रीला आला, पाठीशी बडा प्रकाशक. ग्रहांवर वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंत प्रवास, मित्रांबरोबर खेळणं, सगळं ‘पुढे येणार’ होतं. 2024 मध्ये स्टुडिओतल्या लोकांना घरी पाठवलं आणि यातलं काहीही आलं नाही.

पण आगाऊ पैसे घेणारे सगळे लबाड असतात असं मी तरी म्हणणार नाही. मी स्वतः ते घेतो. त्या पैशांतूनच औषधं येतात, गड्यांची मजुरी भागते. हेडीज बनवणाऱ्यांनी डिसेंबर 2018 ला कच्चा गेम बाहेर काढला, खेळणाऱ्यांचं ऐकत सुधारत नेला आणि सप्टेंबर 2020 ला पुरा करून दाखवला. मला भीती वाटते ती दुसऱ्याच रोगाची. जानेवारीत थंडी वाढली की कणी, म्हणजे अगदी बारीक फळ, धरलेल्या झाडाला पुन्हा मोहोर फुटतो. दिसायला झाड कसं भरलेलं दिसतं! पण झाडाची ताकद नव्या मोहोराकडे जाते आणि आधीची कणी गळून पडते. काही गेमवाले नेमकं हेच करतात. जुनं पुरं करायच्या आधी नवीन जहाज, नवीन बेट, नवीन ट्रेलर. स्टार सिटिझन हा अवकाशातला गेम 2012 पासून लोकांचे पैसे घेतोय, भर पडतेच आहे, पुरा काही होत नाही.

आता तुझ्या होडीच्या गेमकडे येतो. त्या पानावर निळ्या चौकटीत बनवणाऱ्यांनीच लिहिलेलं असतं, काय तयार आहे, काय बाकी, किती वेळ लागेल. तुझ्या लोकांनी ‘साधारण एक वर्ष’ लिहिलंय, आणि ते वर्ष कधीच उलटून गेलं. दिवाळीनंतर गेममध्ये एकही बदल नाही. घोषणा मात्र भरपूर, चित्रं तर फारच सुंदर. वर्षभराहून जास्त काळ अपडेट नसलं तर स्टीम आता स्वतःच तिथे तशी सूचना लावतं. काही गेम कधीच पुरे होणार नाहीत, हेही स्टीमने आपल्या माहितीत स्वच्छ सांगून ठेवलंय, तेव्हा पुढे तक्रारीला जागा नाही.

मी असतो तर एवढंच बघितलं असतं : उद्यापासून त्यांनी काम बंद केलं, तर आज आहेत त्या दोन बेटांसाठी आणि त्या मासेमारीसाठी तू एवढे पैसे देशील का? देत असशील तर खुशाल घे, पुढे येईल तो वरकड नफा. नसशील तर थांब, गेम कुठे पळून जात नाही. मला विचारशील तर मी थांबेन.

घेतलासच, तर परीक्षा संपल्यावर घे. परतावा मागायला खरेदीपासून 14 दिवस आणि खेळण्याचे दोन तास मिळतात. आत्ता घेऊन ठेवलास तर ते 14 दिवस सबमिशनमध्येच जातील. आणि इथे येऊन डाऊनलोड करायचा बेत नको. रेंज अजून मागच्या पडवीतच येते, तीही वारा असेल तशी.

शिमग्याला येताना लॅपटॉप मात्र आण. मजुरीच्या हिशेबाची शीट बिघडली आहे, बेरीज भलतीच दाखवते. आईने लाडू पाठवलेत, एसटीच्या पार्सलने शनिवारी पोचतील.

तुझे,
बाबा