खंडाळ्याचा घाट पायी धुंडाळणारे फादर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर ‘लिबरल आर्ट्‌स’ हा शब्द सारखा कानावर पडतो. विज्ञानाच्या मुलाने इतिहासही वाचावा, ही कल्पना जणू आत्ताच परदेशातून आली, असा बहुतेक लेखांचा सूर असतो. त्यात धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे नाव क्वचितच येते, याचे मला फार वाईट वाटते.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या जर्मन फादरांनी 1869 मध्ये ते सुरू केले, तेव्हा मुंबई विद्यापीठालाच जेमतेम बारा वर्षे झाली होती. पहिल्या महायुद्धात जर्मन फादरांवर इंग्रज सरकारची वक्रदृष्टी झाली आणि पुढे स्पेनमधून दुसरे फादर आले. त्यांपैकी हेन्री हेरास 1922 मध्ये आले. कोणता इतिहास शिकवणार, असे विचारल्यावर त्यांनी ‘भारताचा’ म्हणून सांगितले, आणि त्यातले काय येते असे विचारल्यावर ‘काहीच नाही, शिकेन’ असे उत्तर दिले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. चारच वर्षांत, 1926 मध्ये, त्यांनी तिथे इतिहास संशोधन संस्था उभी केली. विजयनगरपासून सिंधू लिपीपर्यंत त्यांनी आयुष्यभर काम केले. शिक्षकानेच आधी विद्यार्थी व्हायचे, ही त्या कॉलेजची खरी रीत.

मी वनस्पतिशास्त्राचा शिक्षक होतो, म्हणून फादर ब्लॅटर आणि फादर सांतापाव यांच्याविषयी मला विशेष जिव्हाळा. ब्लॅटर मूळचे स्वित्झर्लंडचे. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही कॉलेजात आहे. सांतापावांनी खंडाळ्याचा घाट पायी धुंडाळून तिथल्या वनस्पतींची नोंद केली, पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि 1967 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सह्याद्रीतले एखादे रोप ओळखता येईना, की आम्ही पाने वर्तमानपत्रात दाबून, वाळवून त्या संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहायला मुंबई गाठत असू. कोणी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. रोप कुठे मिळाले, किती उंचीवर, फुलले होते का, एवढेच विचारले.

कॅथलिक संस्था म्हटले की काहींच्या मनात धर्मांतराची शंका येते. मी वारकरी घरातला. मला तिथे श्रद्धा दिसली ती कामात: नमुन्याच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलेल्या तारखेत. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी 2003 मध्ये सुरू झालेले केंद्र त्याच वृत्तीतले.

कॉलेजला 2010 पासून स्वायत्तता आहे. पण केवळ अभ्यासक्रम स्वतः आखता आला म्हणून असे शिक्षण घडत नाही. त्याला ग्रंथालय लागते, संग्रह लागतात आणि ते सांभाळणारी पगारी माणसे लागतात. नमुन्यांना कीड लागली तर शंभर वर्षांपूर्वीचा सह्याद्री पुन्हा गोळा करता येणार नाही. राज्यातल्या नव्या विद्यापीठांना मान्यता देताना शासनाने संग्रह आणि संग्रहपाल यांची अट घालावी, आणि जुन्या कॉलेजांतल्या अशा संग्रहांना दरवर्षी ठरावीक अनुदान द्यावे. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा