आगाशिवची लेणी निवांत पाहा

महोदय,
कराडला येणारे पाहुणे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरून परततात, पण जवळच्या जखिणवाडीला आगाशिव डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. तिथे सकाळी लवकर जावे आणि घाई करू नये. बहुतेक लेणी साधी आहेत. भिक्षूंच्या छोट्या खोल्या, निजायला दगडी ओटे. पण चैत्यगृहापाशी, म्हणजे प्रार्थनेच्या दालनापाशी, रेंगाळावेच. दाराच्या एका बाजूला चक्र, दुसरीकडे सिंह कोरलेले स्तंभ, आत स्तूप. डोळे अंधाराला सरावले की छताची कमान हळूहळू उमटते. दूर मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपाच्या शिलालेखात ‘करहकट’ या नगराने, म्हणजे आपल्या कराडनेच दिलेल्या दानाची नोंद आहे! शाळेत हे का शिकवत नाहीत?

भिंतींवर खिळ्याने नावे कोरलेली पाहून मात्र जीव तुटतो. ही झीज भरून निघणारी नाही. पायथ्याशी ठळक माहितीफलक आणि सुटीच्या दिवशी एखादा रखवालदार, एवढे तरी तातडीने व्हावे. शिक्षकांनीही यंदाची सहल इथेच आणावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कराड (जि. सातारा)