वाळूतल्या बेरीविषयी

कोल्हापूर,
16 फेब्रुवारी

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, की जैसलमेरचा किल्ला आणि गडीसर तलाव पाहून झाल्यावर एका विहिरीसाठी अख्खा दिवस जीपमधून हाडे खिळखिळी करून घेण्याची काय गरज होती. तेव्हा मला नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला पाणी म्हटले की आधी पूरच आठवतो. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे तू पाढ्यांच्या बरोबरीने शिकलीस. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांच्याही वर गेली, तेव्हा माडीवर जागून काढलेल्या रात्री तू विसरली नसशील. आपल्या गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जैसलमेरला दोनशेसुद्धा पडत नाही. तेवढ्यावर माणसे आणि गुरे कशी तगतात, हे मला डोळ्यांनी पाहायचे होते.

डांबरी रस्ता सुटल्यावर दोन तासांनी आम्ही एका पसरट, कोरड्या खोलगट भागात उतरलो. पाण्याचा मागमूस नव्हता. वाळूत फक्त ठिकठिकाणी लाकडी झाकणे दिसत होती. प्रत्येक झाकणाखाली एक बेरी, म्हणजे माणूस जेमतेम उतरेल एवढी अरुंद विहीर. तिथे जमिनीत बऱ्याच खाली लागणारे पाणी खारट असते. परंतु वाळूच्या थराखाली काही जागी जिप्समचा कठीण पट्टा असतो आणि तो वरून मुरलेले पावसाचे पाणी त्या खाऱ्या पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. वाळूत अडकून राहिलेली ही ओल बेरीत थेंबथेंब पाझरते. तिथले लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात: थेट पावसाचे ते पालर, खोल भूगर्भातले ते पाताळपाणी आणि या दोहोंच्या मधले, पट्ट्यावर अडलेले, ते रेजाणी. आमच्या खात्याच्या कागदांत या मधल्या पाण्याला असे स्वतंत्र नाव मी कधी वाचले नव्हते. विहीर अरुंद का, तर पाझर थोडा असतो. रुंद खोदली तर ते पाणी तळाशी पसरून जाईल, बादलीत येणारच नाही.

तिथल्या एका वयस्क मेंढपाळाने झाकण सरकवून रबरी बादली सोडली. तोंडाशी आडव्या टाकलेल्या खेजडीच्या (आपल्या शमीच्या) लाकडावर दोराने बोटभर खोल खाचा पाडल्या होत्या. मी हातांनी मोजत होतो. बारा हात दोर आत गेल्यावर पाणी लागले. पहिली बादली त्यांनी शेळ्यांच्या डोणीत ओतली, दुसरी आम्हाला दिली. पाणी किंचित गढूळ होते, पण चवीला आपल्या कळंबा तलावाच्या पाण्याइतके गोड. बेरी एकेका घराची असली, तरी ओल सगळ्यांची एकच. त्यामुळे नवी बेरी खोदायची तर साऱ्या गावाची संमती लागते, असे ते म्हणाले. उसासाठी शेजारी-शेजारी बोअर मारणाऱ्या आपल्या भागात मी हे कोणाला सांगू, हा प्रश्न मला परतीच्या वाटेवर छळत राहिला.

डोणीत थोडे पाणी राहिले होते. आम्ही बाजूला झाल्यावर पखुर्ड्यांचा थवा त्यावर उतरला. यांचे नर पिल्लांसाठी पोटाची पिसे पाण्यात भिजवून नेतात, हे मी वाचले होते. त्या दिवशी ते फक्त पिऊन उडाले, पण तुझ्या आईने तेवढ्यासाठी आणखी अर्धा तास थांबायला लावले.

पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये, मला पुन्हा तिथे जायचे आहे. ऊन फार असेल, तरीही तू रजा काढून बरोबर यावेस असे मला वाटते. बारा हातांवर लागलेले पाणी तेव्हा किती हातांवर जाते, ते आपण दोघांनी मिळून मोजू.

तुझा,
बाबा