मिरासदारी म्हणजे मक्तेदारी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिनाभरात आपल्या अंकात तीन मथळ्यांत 'मिरासदारी' हा शब्द वाचला. एकदा सहकारी संस्थेवरच्या एका घराण्याची मिरासदारी संपुष्टात आली, एकदा वाळूच्या ठेक्यातली मोडीत निघाली आणि एकदा खेळाच्या पानावर कुठल्याशा संघाची. तिन्ही ठिकाणी सांगायचं होतं ते मक्तेदारी किंवा दांडगाई. एरवी मी हे वाचून पान उलटलं असतं. या वेळी पत्र लिहायला बसलो, त्याला कारण घडलं आहे.

मी तालुक्याच्या ठिकाणी पस्तीस वर्षं दस्तलेखनाचं काम केलं. मोडी वाचता येते, म्हणून अजूनही लोक जुने कागद घेऊन घरी येतात. मागल्या पंधरवड्यात शेजारच्या गावच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. रुमालात बांधलेला एकच कागद होता. घड्यांवर फाटत आलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण बोरूची अक्षरं अजून काळीभोर. खाली पाटलाची नांगराची निशाणी, तिच्याखाली बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या. मी वाचून दाखवलं. गावातलं एक कूळ, म्हणजे शेतकरी घराणं, परागंदा झालेलं, जमीन पडीक, झाडोरा माजलेला, सरकारचा सारा बुडतो आहे. आजींच्या सासरच्या मूळ पुरुषानं ती जमीन मागितली, गावानं शेरणी, म्हणजे नजराणा, घेऊन ती त्याला मिरास करून दिली. पूर्वेला ओढा, पश्चिमेला बांध, अशा चारी सीमा. पुढं कुणी हरकत केली तर तिचं निवारण गाव करील. लेकराचे लेकरी त्यानं ती खावी.

नातू विशीतला, शिकलेला. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या पूर्वजांनी मिरासदारी केली होती? लोकांच्या जमिनी बळकावल्या होत्या?" आजींचा चेहरा उतरला. पोराची चूक नव्हती. त्याला तो शब्द वर्तमानपत्रातून जसा मिळाला तसाच त्यानं वापरला.

'मिरास' हा मूळचा अरबी शब्द, अर्थ वारसा. वारस, वारसा, विरासत ही सगळी त्याच मुळाची भावंडं. आजही सातबाऱ्यावर वारसनोंद लावताना तलाठी ज्या कुळातला शब्द लिहितो, त्याच कुळातला हा. निजामशाही-आदिलशाहीच्या काळात फारसी कागदांतून तो मराठीत आला आणि इतका रुळला की सतराव्या शतकात तुकोबांनी तो अभंगात घेतला. मिराशीचं शेत आहे म्हणून काही ते आपोआप पीक देत नाही, असं त्यांनी म्हटलं आहे. देहूची महाजनकी, म्हणजे पेठेचं वतन, त्यांच्या घरात होती, तेव्हा वतन-मिराशीचे कागद घरात पाहिलेला माणूस हे बोलत होता. ऐकणाऱ्या कुणब्यालाही शब्द समजावून सांगावा लागत नव्हता.

कायद्याच्या भाषेत मिरासदार म्हणजे ज्याचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क आहे असा रयत. त्याला ती विकता येई, गहाण ठेवता येई, मुलांत वाटता येई. गावात त्याला थळकरीही म्हणत. ज्याची मिरास नाही तो उपरी. उपरी कौलावर, म्हणजे ठरल्या मुदतीच्या करारावर, जमीन करी, बहुधा कमी साऱ्यानं, आणि मुदत सरली की सोडून जाई. मिरासदाराचा सारा जास्त असे. वर दर तीन वर्षांनी मिरासपट्टी नावाचा वेगळा कर त्याच्याकडून घेत. म्हणजे हक्क होता, तसा त्या हक्काचा भारही होता, आणि तो भार गावाच्या हिशेबात दरसाल लिहिला जाई.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात मिरासदारांबद्दलचा मजकूर मी अनेकदा वाचला आहे. सारा भरत असेतो मिरासदाराला कुणी जमिनीवरून काढत नाही, आणि तो थकल्यामुळं जमीन सोडून गेला तरी निदान तीस वर्षं सरकारचं देणं चुकतं करून ती परत मागण्याचा हक्क त्याला असतो, असं त्यानं नोंदवलं. तीस वर्षं! दुष्काळात गाव सोडलेल्या कुणब्याचा मुलगा मोठा होऊन परत आला, त्यानं बाकी भरली, की बापाचं शेत त्याचं. आजींच्या कागदातलं परागंदा कूळ याच कायद्याखाली होतं. ते परतण्याची आशा संपल्यावर जमीन 'गतकूळ' ठरली आणि मगच गाव ती दुसऱ्याला देऊ शकलं.

आता मक्ता पाहा. मक्ता म्हणजे ठरलेल्या रकमेला, ठरलेल्या मुदतीसाठी घेतलेला हक्क. तो वारशानं येत नाही, बोलीनं येतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महालांच्या मामलती, म्हणजे वसुलीचे अधिकार, अशाच जास्त पैसे देईल त्याला दिल्या गेल्या. घेणाऱ्याला माहीत की पुढच्या साली दुसरा कुणी वरचढ रक्कम बोलला तर आपण गेलो. त्यामुळं हाती आहे तोवर रयत पिळायची. मिरासदाराचा सारा ठरीव, म्हणून त्याच्यावर वरून नवनव्या पट्ट्या बसवल्या. एल्फिन्स्टननं या मक्त्यांच्या पद्धतीवर सडकून लिहिलं आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे मिरासदार त्या पिळवणुकीनं शेतं टाकून गेले.

संपादक महाशय, माझ्या जिवाला लागतं ते इथं. मक्तेदारानं ज्याला देशोधडीला लावलं, त्या कुणब्याच्या हक्काचं नाव आज आपण मक्तेदारीलाच देतो आहोत. मारणाऱ्याला मार खाल्लेल्याचं नाव देण्यासारखं आहे हे.

अर्थ एवढा फिरला कसा, याबद्दल माझी समजूत अशी आहे. १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी पाहणी सुरू केली. शेताला सर्व्हे नंबर आला, तीस वर्षांसाठी साऱ्याचा आकार ठरला आणि ज्याच्या नावावर नंबर तो सारा भरेपर्यंत मालक, मग तो मिरासदार असो की उपरी. विकणं, वारशानं देणं हे सगळं उपऱ्यालाही मिळालं. मोठी गोष्ट झाली. पण त्याबरोबर 'मिरास' या शब्दाचं कायद्यातलं कामच संपलं. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात कब्जेदार आला, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत भोगवटादार आला. मिरासदार राहिला तो आडनावात आणि गावच्या मानपानात. जमिनीचा हक्क सगळ्यांना सारखा झाल्यावर उरला तो नुसता तोरा. भांडणात लोक म्हणू लागले, "ही काय तुझी मिरास लागून गेली?" मला वाटतं, याच वाक्यावरून शब्द चावडीतून पारावर आणि पारावरून मथळ्यात गेला.

मिरास ही निर्मळ गोष्ट होती असं मी म्हणत नाही. उपऱ्याला गावाच्या निर्णयात किंमत नसे. 'उपरा' हा शब्द आपण आजही किती टोचून वापरतो! गावकुसाबाहेरच्या माणसांपैकी फार थोड्यांच्या नावानं शेताची मिरास झाली. त्यांच्या वाट्याला आली ती राबण्याची परंपरा. तमिळ मुलखात तर या शब्दाचा इतिहास आणखी कडू आहे. मद्रासचा कलेक्टर एलिस यानं चेंगलपट्टूकडच्या मिरासी हक्कावर लिहिलेलं विवेचन १८१८ साली छापलं गेलं, म्हणजे आपल्याकडे एल्फिन्स्टन लिहीत होता त्याच सुमारास. तंजावरकडे, जिथं पावणेदोनशे वर्षं मराठ्यांचं राज्य होतं, तिथं मिरासदार म्हणजे भाताच्या खाचरांचे बडे जमीनदार असा अर्थ विसाव्या शतकापर्यंत चालला. त्याच मुलखात, कीळवेण्मणीला २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री मजुरीसाठी झगडणाऱ्या दलित शेतमजुरांच्या घरांतली ४४ माणसं, त्यात बायका आणि लेकरंच जास्त, एका झोपडीत जाळून मारली गेली. तिथल्या शेतमजुराला या शब्दाबद्दल माया वाटावी असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? आणि उत्तरेत पंजाबात 'मिरासी' म्हणजे वंशावळ्या मुखोद्गत ठेवणारे, पिढीजात गाणारे-वाजवणारे लोक. त्यांच्याकडे एक गुंठा नसेल, त्यांची मिरास गळ्यात. शब्द तोच, वारशाचा. ज्याला वारशात काय मिळालं त्याप्रमाणे त्याची चव बदलली.

म्हणून शब्द बदलूच नये असा हट्ट मी धरत नाही. भाषेत असं होतच असतं. पण आपल्याकडे या शब्दाचं काम अजून पुरतं संपलेलं नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आणि गावोगावच्या घरांतले रुमाल यांत मिराशीचे असंख्य कागद आहेत. जातीच्या दाखल्यांच्या निमित्तानं मोडी कागद पुन्हा बाहेर येत आहेत. माझ्याकडे पूर्वी वर्षाला दहा-पंधरा लोक येत, आता आठवड्याला तेवढे येतात. त्यांच्यात तरुण मुलंमुली जास्त. त्यांना पणजोबाच्या नावापुढं 'मिरासदार' दिसतो, आणि डोक्यात येते सकाळच्या पेपरातली वाळू. ज्यानं उजाड झालेलं शेत झाडोरा तोडून वहितीला आणलं, तो आपल्याच नातवाला गुंड वाटतो.

मथळ्यापुरती जागा थोडी असते हे मी जाणतो. पण मक्तेदारी हा शब्द मिरासदारीपेक्षा लांब नाही. वर्चस्व आहे. खेळाच्या पानाला 'सद्दी' फार शोभेल, सद्दी संपली की सगळ्यांना कळतं. एकाच घराण्याच्या हाती संस्था असेल तर घराणेशाही लिहा, ती तीच असते. आपल्या उपसंपादकांना एवढं सांगाल का? आणि जमीन, वारसा, जुने दस्त यांच्याबद्दल मजकूर असेल तिथं मिरास हा शब्द जरूर येऊ द्या, शक्य तर एका ओळीच्या खुलाशासह.

त्या मुलाला मी कागद पुन्हा एकदा, सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवला. परागंदा कूळ, शेरणी, चतुःसीमा. पूर्वेचा ओढा आला तेव्हा तो थांबला. "हा आमचाच ओढा. आता त्यावर पूल झालाय," म्हणाला. मग त्यानं मोबाइलवर सातबारा काढला आणि आम्ही दोघांनी मिळून दिशा ताडून पाहिल्या. तीन सीमा जुळल्या, पश्चिमेचा बांध काही सापडेना. आजी एवढा वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, बांध त्यांच्या डोळ्यांदेखत बहात्तरच्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामावर सरकवला गेला, त्या स्वतः त्या कामावर खडी फोडायला होत्या.

कागद त्यांनी माझ्याकडे महिनाभर ठेवला आहे, नीट नक्कल करून देण्यासाठी. तो कुणाला दाखवायला त्यांची हरकत नाही. आपल्याकडचं कुणी येणार असेल तर सकाळी अकराच्या आत यावं. तेव्हा ओसरीवर ऊन असतं आणि फिकट झालेली निशाणीसुद्धा स्पष्ट दिसते.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त दस्तलेखक, पुणे जिल्हा