उजेडाची पट्टी आणि जखमेची खोली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर अंगावर बांधायच्या प्रकाशपट्टीने उपचार करण्याविषयीचा आपला लेख दोनदा वाचला. शस्त्रक्रिया विभागात मी ३१ वर्षे परिचारिका होते. मधुमेही पायांची ड्रेसिंग करण्यातच त्यातली बरीच गेली. कल्चरचा, म्हणजे जखमेतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट यायचा आणि एकेका अँटिबायोटिकपुढे ‘आर’, ‘आर’, ‘आर’ असे छापलेले असायचे. म्हणजे हे औषध या जंतूवर चालणार नाही. “सिस्टर, पाय राहील ना?” या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नसायचे.

म्हणून या पट्टीची मला मनापासून आशा वाटते. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिनसेन यांना १९०३ सालीच नोबेल मिळाले होते. आताच्या पद्धतीत जखमेवर मिथिलीन ब्लूसारखे रंगद्रव्य लावून लाल उजेड देतात. त्याने चेतलेला ऑक्सिजन जंतूचे आवरण, प्रथिने, डीएनए अशा सगळ्यांवर एकदम तुटून पडतो, त्यामुळे जंतूला पळवाट सापडणे अवघड जाते. शिवाय टाच, घोटा, बोटांमधली बेचकी इथे समोर धरलेल्या दिव्याचा उजेड सारखा पडत नाही. वळणारी पातळ पट्टी मात्र अंगासरशी बसते. मंद उजेड घरच्या घरी तासन्‌तास देता येतो. ड्रेसिंगसाठी कामावर खाडा करून बाकावर ताटकळणारी माणसे मी रोज पाहिली आहेत.

पण लेखात जखमेच्या खोलीबद्दल एक अक्षरही नाही, याचे वाईट वाटले. निळा उजेड कातडीत जेमतेम मिलिमीटरभर शिरतो, लाल काही मिलिमीटर. हाडाला लागलेला किंवा रक्तात पसरलेला संसर्ग त्याच्या आवाक्याबाहेरच. पू आणि मेलेले मांस उजेड अडवतात, तेव्हा आधी जखम साफ करणे आलेच. आणि ही सारी करामत ऑक्सिजनची. रक्तपुरवठा आटून काळवंडत चाललेल्या पायात तोच अपुरा असतो.

मला खरी धास्ती आहे ती असा लेख वाचून कुणी खोल्या निर्जंतुक करायचा अतिनील दिवाच जखमेवर धरील याची. त्याने कातडी भाजते, डोळ्यांना इजा होते. एवढी सूचना तरी आपण पुढच्या अंकात ठळक छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका